'त्याला' म्हणजे नेमकं कोणाला, भाऊ?

पत्र (थोडं कापून): "सर नमस्कार, पारोळा तालुक्यातून लिहितोय, माझं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगा (वय 25) आणि पुतण्या दोघं पुण्यात एकाच रूमवर राहून एमपीएससी करत होते. आता त्याचं पीएसआयचं काम झालं आणि तेव्हापासून त्याचं अभ्यासात मन लागत नाही. टेस्ट सिरीजला निबंधात 250 पैकी 78 आले. तपासणाऱ्या सरांनी लाल पेनाने सगळीकडे 'कोण?', 'कोणाचे?', 'संदर्भ अस्पष्ट' असं लिहिलंय, फोटो जोडतोय. आमचं सगळ्यांचं ठरलंय की राज्यसेवाच करायची, त्याचीही तीच इच्छा आहे. दोघांनी बरोबरच सुरू केलं होतं मग याला काय अडचण आहे? मराठी लिखाणाचा चांगला क्लास सांगा आणि हे त्याला जरा समजवा, तो तुमचं ऐकेल."

भाऊ, नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला वाटलं मुलगा पीएसआय झाला आणि नोकरी लागली म्हणून आता पुढचा अभ्यास टाळतोय, मी मनात तुमच्याकडे पेढे पण मागून टाकले. दुसऱ्यांदा वाटलं पीएसआय झालाय तो पुतण्या, आणि मन लागत नाहीये ते पण पुतण्याचंच, आणि तुम्ही मोठ्या मनाने भावाच्या मुलाची काळजी करताय. शेवटी 'याला काय अडचण आहे' पर्यंत आलो तेव्हा लख्ख झालं की एकाच वाक्यातला पहिला 'त्याचं' पुतण्याचा आहे आणि दुसरा 'त्याचं' मुलाचा. लाल पेन घेऊन तुमच्या पत्रावर बसलो असतो तर तुम्हालाही 78 च्या वर दिले नसते, हे हसत हसत लिहितोय पण खोटं लिहीत नाहीये.

हसण्यावारी न्यायची गोष्ट एवढीच. पुढची तशी नाहीये. एका वाक्यात दोन पोरं 'त्याचं' मध्ये एकत्र झाली ती घाईत झाली असं मला वाटत नाही. तुमच्या घरात गेले कित्येक महिने ती दोघं एकत्रच बोलली जात असणार, जेवताना, लग्नात, दुकानावर खताच्या गोण्या उतरवताना, 'त्याचं झालं, याचं कधी'. पत्रात पुतण्याचा उल्लेख आला की लगेच त्याची पोस्ट येते. मुलाचा आला की मार्क येतात नाहीतर मन न लागणं येतं. पोरगं रूमवर एकटं पडलंय, पार्टनर ट्रेनिंगला जाणार, त्याचा अर्धा अभ्यास त्या पार्टनरसोबतच्या चहावर व्हायचा तो बंद, आणि गावाकडून फोन आला की विषय तोच. मन लागत नाही म्हणजे काय, मला तरी लागलं नसतं.

आणि तुलना पण चुकीची आहे हो. पुतण्याने दिली ती लेखी परीक्षा वस्तुनिष्ठ, चार पर्यायातला एक गोल काळा करायचा. राज्यसेवा मुख्य 2025 पासून वर्णनात्मक झालीये, मराठी आणि इंग्रजीचे 300-300 चे पेपर 25 टक्के घेऊन पास व्हायचे आणि निबंध, चार जीएस म्हणजे सामान्य अध्ययन, दोन वैकल्पिक असे 250 चे सात पेपर हाताने लिहायचे, 1750 मार्कांचं लिखाण. बरोबर सुरू केलं होतं म्हणता, पण एक पळायच्या शर्यतीत होता आणि एक पोहायच्या.

आता 'आमचं सगळ्यांचं ठरलंय'. या आम्हीत कोण कोण आहे ते लिहा ना एकदा. तुम्ही, वहिनी, मोठे भाऊ, त्यांचे पीएसआय चिरंजीव, अमळनेरची मावशी? मुलगा आहे का त्यात? असता तर त्याच्यासाठी 'त्याचीही तीच इच्छा आहे' असं वेगळं वाक्य जोडावं लागलं नसतं. पंचवीस वर्षांच्या माणसाची इच्छा शेवटी 'ही' लावून आली की मला जरा शंका येते. बरं 'तीच' म्हणजे कोणती? राज्यसेवा करायची ही, की अभ्यास सोडायचा ही? तुम्ही ज्या अर्थाने लिहिलं तो मला समजतोय, पण तोच अर्थ आहे हे मला मुलाच्या तोंडून ऐकायचंय.

म्हणून 'हे त्याला समजवा' हे काम मी करणार नाही. तुमचं म्हणणं माझ्या तोंडून गेलं की ते सल्ला होत नाही, निरोप होतो.

लिखाणाचं विचारलंय ते सांगतो कारण फोटो मी नीट झूम करून वाचले. तुमचं पोरगं वाईट लिहीत नाही. रावेर-यावल पट्ट्यात मे महिन्यातल्या वादळात केळीची बाग आडवी होते तेव्हा घड कापायच्या आधी नुकसानीचा फोटो काढायचा की घड वाचवायचे यावर शेतकरी कसा अडकतो, हे त्याने दोन ओळीत लिहिलंय आणि ते कुठल्याही नोट्समध्ये सापडणार नाही. पण त्याच्याच खाली हे वाक्य आहे: "शासनाने विमा कंपन्यांना शेतकऱ्यांच्या नोंदी दिल्या पण त्यांनी त्यांची पडताळणी वेळेत केली नाही त्यामुळे त्यांना दोष देणे योग्य नाही." आता यात पडताळणी कोणी केली नाही, शासनाने की कंपन्यांनी? कोणाची केली नाही, नोंदींची की शेतकऱ्यांची? आणि दोष कोणाला द्यायचा नाही? मी शेतकऱ्याच्या घरातला, मी वाचलं की शेतकऱ्याला दोष नको. कंपनीचा माणूस वाचेल की कंपनीला दोष नको. तपासणारा दमलेला माणूस, त्याने 'कोण?' लिहिलं आणि पुढे गेला, बरोबरच केलं त्याने.

मराठीत हे इतकं का होतं तर 'त्यांनी' हा शब्द फार पोटात घेतो. एक बाई, एक साहेब, दहा माणसं, तीन कंपन्या, सगळ्यांना 'त्यांनी'. 'तो आला', 'ती आली' म्हटलं तर क्रियापद थोडी तरी साक्ष देतं, पण 'त्यांनी पडताळणी केली' यात 'केली' पडताळणीच्या मागे गेली, करणारा कोण हे ती सांगतच नाही. अन् निबंधात अशी ने-नी वाली वाक्यं किती असतात ते तुम्हीच मोजा.

उपाय साधा आहे, नाव परत लिहायचं. "पण कंपन्यांनी त्या नोंदींची पडताळणी वेळेत केली नाही, त्यामुळे शेतकऱ्यांना दोष देणे योग्य नाही." संपलं.

इथेच पोरं अडतात, आणि हा गैरसमज मला जरा सविस्तर खोडायचाय कारण तो शाळेतून येतो. शाळेत शिकवलं की नामाचा पुनरुच्चार टाळण्यासाठी सर्वनाम वापरतात, पोरांनी त्यातून काढलं की पुनरुच्चार म्हणजे चूक, नाव दुसऱ्यांदा आलं की लिखाण बाळबोध. तुमच्या मुलाला विचारा, मूळ सर्वनामं किती, तो झोपेतून उठून सांगेल नऊ, मी तू तो हा जो कोण काय आपण स्वतः, त्यातली लिंगानुसार बदलणारी तीन, तो हा जो. पाठ आहे सगळं, प्रश्न आला की मार्क पक्का. पण त्यातला 'तो' कागदावर ठेवल्यावर वाचणाऱ्याला कोणाकडे घेऊन जातो हे कोणी विचारलेलं नाही. आता तुमच्या कपाटातलं एखादं खरेदीखत काढून वाचा. 'लिहून देणार' यांनी 'लिहून घेणार' यांना अमुक गटाचा ताबा दिला, परत लिहून देणार, परत लिहून घेणार, वाचताना डोकं दुखतं. आपण हसतो त्या भाषेला. पण तिथे एकदा 'त्यांनी त्यांना त्यांची जमीन दिली' असं लिहिलं तर पुढच्या पिढीचे दोन वकील त्यावर पोट भरतील. पोलिसांच्या कागदात 'यातील फिर्यादी', 'यातील आरोपी नं. 1' असतं ते पण त्याचसाठी, 'त्याने त्याला त्याच्या काठीने मारलं' यात काठी कोणाची हे कोर्टात विचारतात. पुतण्याला हे आता नोकरीतच शिकावं लागणार आहे बघा. निबंध खरेदीखतासारखा लिहा असं मी म्हणत नाही, पण एका वाक्यात दोन-तीन पार्ट्या असल्या की नाव परत येणं ही लाज वाटायची गोष्ट नाहीये.

अजून दोन जागा त्याच्या पेपरात दिसल्या. एक 'आपला'. 'सरपंचाने ग्रामसेवकाला त्याच्या गाडीतून नेले' यात गाडी कोणाचीही असू शकते, 'आपल्या गाडीतून नेले' म्हटलं की गाडी सरपंचाची, वाद मिटला. मराठीने ही सोय फुकट दिलीये आणि हा पठ्ठ्या सगळीकडे 'त्याच्या' लिहितोय. दुसरी 'की मी'. 'तलाठ्याने सांगितले की मी पंचनामा करणार आहे', बोलताना चालतं, आवाजावरून कळतं, कागदावर वाचणारा क्षणभर थांबतो की मी म्हणजे तलाठी का लिहिणारा. तिथे 'आपण पंचनामा करणार असल्याचे तलाठ्याने सांगितले' असं फिरवायचं. तसं 'आपण' पण लबाड आहे, कधी मी, कधी तुम्ही, कधी सगळे, त्यामुळे ते पण बघूनच. आणि परिच्छेदाची सुरुवात नुसत्या 'यामुळे' ने करायची त्याची सवय जाऊ दे, मागे चार वाक्यं आहेत, त्यातल्या कशामुळे ते लिहायला दोन शब्द जास्त लागतात फक्त.

तुम्ही विचारलं नाही पण पोरं मला रोज विचारतात, सर एआय ॲपमध्ये टाकलं तर दुरुस्त होतं की. होतं, पण कसं ते ऐका. 1972 साली टेरी विनोग्राड नावाच्या अमेरिकन संशोधकाने एक उदाहरण दिलं होतं, आपल्या भाषेत साधारण असं: नगरसेवकांनी मोर्चेकऱ्यांना परवानगी नाकारली कारण त्यांना दंगलीची भीती होती. इथे 'त्यांना' म्हणजे नगरसेवकांना. आता शेवट बदला, 'कारण त्यांना दंगल हवी होती', लगेच 'त्यांना' म्हणजे मोर्चेकरी. व्याकरण तेच, माणसाला जगाची माहिती आहे म्हणून कळतं. मशीनला हे जमतं का हे तपासायला पुढे अशा वाक्यांची परीक्षाच तयार केली गेली. आताची ॲप बरीच ओळखतात. पण विम्याच्या त्या वाक्यात जगाची माहिती लावली तर शासनाला दोष नको, कंपन्यांना नको, शेतकऱ्यांना नको, हे तिन्ही अर्थ जगात खरे आहेत, रोज कोणी ना कोणी तिन्ही बोलतं. ॲप त्यातला एक निवडून वाक्य गुळगुळीत करून देईल आणि तुमच्या मुलाला वाटेल आपलं तेच म्हणणं होतं. त्याच्या मनात कोण होतं हे ॲपला कुठून कळणार, आणि हॉलमध्ये तर पेन सोडून काही नसतं.

क्लास सांगा म्हणालात, यासाठी क्लास नको, पैसे वाचवा. आपल्याकडे गावात नवं पोरगं दिसलं की म्हातारी माणसं पहिला प्रश्न काय करतात, 'कोना पोर्‍या शे रे तू?' पोराचं नाव काय, शिकतो काय हे नंतर, आधी कोणाचा ते. हाच प्रश्न मुलाने लिहिलेल्या प्रत्येक 'त्या' ला विचारायचा. पेन्सिलने गोल करायचे, त्यांनी, त्यांची, त्याला, हे, यामुळे, या सगळ्या शब्दांना, आणि घरातल्या कोणाला तरी, ज्याला विषय माहीत नाही अशाला, वाचून दाखवायचं, तो अडखळला की तिथे नाव टाकायचं. महिनाभर रोज एक पान. स्वतःचं लिखाण स्वतः तपासून होत नाही यात, कारण लिहिणाऱ्याला सगळं माहीतच असतं, तुम्हाला नाही का माहीत होतं कोणाचं मन लागत नाहीये ते.

मार्क त्याने वाढतील का, निबंधात वाढायला पाहिजेत, मुद्दे आहेत त्याच्याकडे. पण राज्यसेवा त्याने करावी का यावर मी आज एक शब्द लिहिणार नाही. केळीच्या घडाच्या त्या दोन ओळी लिहिणारा मुलगा पत्रकारितेत, भाषांतरात, वकिलीत, कशातही उभा राहू शकतो, आणि अधिकारी म्हणूनही. तो काय म्हणतो ते मला माहीत नाही, तुमच्या पत्रावरून तुम्हालाही माहीत आहे असं वाटलं नाही. त्याला फोन करा, पुतण्याचं नाव न काढता दहा मिनिटं बोला, जमतंय का बघा. वाटलं तर तो मला स्वतः लिहू दे, एकच अट, पत्रात 'आम्ही' नको, 'मी' ने सुरू होणारी वाक्यं हवीत.

आणि तुम्ही परत लिहाल तेव्हा मुलाचं नाव लिहा भाऊ. तुमचं मूळ पत्र अडीच पानांचं आहे, त्यात पुतण्याचं नाव चारदा आलंय. मुलाचं एकदाही नाही.