निझवाला जाताय? मग गुरुवारी रात्रीच पोहोचा

ओमानमधल्या निझवाबद्दल या वेळी बरेच प्रश्न आलेत. त्यातले सगळ्यांच्या उपयोगाचे वाटले ते घेतलेत.

प्रश्न : आम्ही चार दिवस मस्कतला आहोत. टूरवाला म्हणतो निझवा एका दिवसात आरामात होतं, सकाळी निघून संध्याकाळी परत. करावं का?

होतं हो, रस्ता मस्त आहे, साधारण दीडशे किलोमीटर, दीड-दोन तासांत पोहोचता. पण तुम्ही तिथे पोहोचणार दहा-साडेदहाला, किल्ला बघून बाहेर पडेपर्यंत ऊन डोक्यावर येणार आणि दुपारी सूकमधली, म्हणजे जुन्या बाजारातली, बरीच दुकानं बंद असतात ती थेट चारनंतर उघडतात, म्हणजे गाव जेव्हा झोपलेलं असतं नेमकं तेव्हाच तुम्ही तिथे फिरणार. माझं ऐकाल तर गुरुवारी संध्याकाळी निझवाला जाऊन मुक्काम करा. जुन्या भागात, हारत अल अक्रमध्ये, मातीच्या घरांची डागडुजी करून राहायची सोय केलीये, तिथून किल्ला पायी अंतरावर आहे.

आणि शुक्रवारी पहाटे उठून गुरांच्या बाजारात जा. सातच्या आसपास तो रंगात येतो आणि उन्हं चढायला लागली की संपत येतो. मधे गोल वाट सोडलेली असते, तिच्या आत-बाहेर दोन्हीकडे गिऱ्हाईक बसलेलं, आणि विकणारे दोरीला धरलेली शेळी घेऊन त्या वाटेवरून गोल गोल फिरत भाव ओरडत असतात. कुणी हात करून थांबवतो, शेळीचे दात बघतो, पाठीवर हात फिरवून अंगात मांस किती ते चाचपतो, पटलं तर घेतो नाहीतर शेळी पुढे. गायी-बैलही येतात. आसपासच्या डोंगरातले आणि वाळवंटातले लोक येतात, चेहऱ्यावर मुखवट्यासारखा बुरखा लावलेल्या बेदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातींतल्या, बायकाही स्वतः भाव करताना दिसतील. ईदच्या आधीच्या शुक्रवारी तर पाय ठेवायला जागा नसते. हा बाजार पर्यटकांसाठी मांडलेला नाही, खरा व्यवहार चाललेला असतो, म्हणून वाटेत मधे उभं राहून सेल्फी काढू नका, जनावर अंगावर येतं आणि लोकांचा खोळंबा होतो तो वेगळाच.

प्रश्न : आम्ही गडकिल्ले फिरणारी माणसं. निझवाच्या किल्ल्यात बघण्यासारखं काय?

तुम्हाला तर आवडणारच. सतराव्या शतकात इमाम (म्हणजे तिथला धर्मप्रमुख आणि राजाही) सुलतान बिन सैफ अल यारुबीनं बांधला, ज्याने 1650 मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हाकललं तोच हा. बांधायला बारा वर्षं लागली म्हणतात. बाहेरून दिसतो तो प्रचंड गोल बुरूज, आणि गंमत अशी की तो आतून पोकळ नाही, निम्म्याच्या आसपास उंचीपर्यंत माती-दगडांनी भरून काढलाय, म्हणजे खालून तोफा कितीही मारल्या तरी भिंत ढासळत नाही आणि वर स्वतःच्या तोफा चालवल्या तरी हादरा झेलते. वर जायचा जिना अरुंद, वळणावळणाचा, मधेमधे जाड लाकडी दारं आणि प्रत्येक दाराच्या वर छताला भोक. शत्रू दारापाशी अडकला की वरून उकळता खजुराचा पाक ओतायचे. दारात उभं राहून मान वर करून ते भोक बघाच.

तो पाक यायचा कुठून हेही आतच कळतं. खजुराच्या कोठीची जमीन नीट बघा, पन्हळीसारख्या खाचा आहेत. पोत्यांवर पोती रचायची, वजनानं खालच्या खजुरांतला रस गळायचा आणि खाचांतून वाहत एका खड्ड्यात जमायचा. एरवी खायला, वेळ आली तर लढायला. पुष्कळ लोक ही खोली एका मिनिटात ओलांडून बुरुजाकडे पळतात, तुम्ही थांबा.

वेळ असेल तर बहलाचा किल्लाही करा, अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि 1987 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. जवळच जब्रीन, तो मात्र किल्ल्यापेक्षा वाडा जास्त, रंगवलेली छतं बघायला जायचं.

प्रश्न : फलज फलज सगळे म्हणतात, ते नक्की काय? कालवाच ना? मुद्दाम जाऊन बघण्यासारखं आहे का?

मुद्दाम जाऊन बघा! माझ्या मते निझवात एकच गोष्ट बघायची असेल तर ही. डोंगराच्या पायथ्याशी खोल जमिनीतलं पाणी शोधायचं, तिथून हलक्या उताराचा बोगदा खणत खणत गावापर्यंत आणायचा, पंप नाही मोटार नाही, पाणी आपलं आपण वाहत येतं. निझवाचा फलज दारिस हा ओमानमधल्या सगळ्यात मोठ्या फलजांपैकी एक, 2006 मध्ये जे पाच फलज युनेस्कोच्या यादीत गेले त्यात हा आहे. देशात असे सुमारे 3000 अजून चालू आहेत.

मला सगळ्यात भारी वाटते ती वाटणी. गावात पाणी आलं की आधी पिण्यासाठी, मग मशिदीत हातपाय धुवायला, अंघोळीला, आणि सगळ्यात शेवटी खजुराच्या बागांना. बागवाल्याचा हिस्सा लिटरमध्ये नाही तर वेळेत असतो, साधारण अर्ध्या तासाच्या एका पाळीला अथर म्हणतात. पूर्वी दिवसा सावली मोजून आणि रात्री तारे बघून पाळी बदलायचे. हिशोब ठेवायला गावानं नेमलेला कारभारी असतो, त्याला तिथे वकील म्हणतात, काही पाळ्या लिलावात विकून फलजच्या दुरुस्तीचा खर्च काढतात. वाळवंटाच्या कडेला एवढं मोठं गाव, इमामांची राजधानी, किल्ला, बाजार, सगळं ह्या पाण्यावर उभं राहिलं. संध्याकाळी दारिसच्या बागेत जा, पोरं पाण्यात पाय सोडून बसलेली असतात, तुम्हीही बसा. फक्त साबण लावू नका, खाली कुणाची तरी बाग आहे.

प्रश्न : आईबाबा बरोबर आहेत, बाबा शुद्ध शाकाहारी. खायचं काय? आणि कपड्यांचं काही बंधन?

खाण्याची काळजी सोडा. भारतीय हॉटेलं भरपूर, शिवाय हमुस, फूल म्हणजे शिजवलेला बाकला, रोटी, खजूर. ओमानी हलवा तर काकांना नक्की द्या, साखर, पिठाचं सत्त्व, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी घालून मोठ्या कढईत तासन्‌तास घोटतात. दुकानात चव बघायला देतात.

कपडे खांदे-गुडघे झाकणारे, आईंनी ओढणी जवळ ठेवावी. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. कुणी काहवा, म्हणजे तिथली कॉफी, दिला तर नाही म्हणू नका, उजव्या हातात घ्या, बरोबर खजूर येतो. कप रिकामा झाला की ते परत भरतात, परत भरतात, बास झालं की कप हातातच दोन-तीनदा हलवून परत द्यायचा, लगेच कळतं त्यांना. सूकमध्ये चांदीचे खंजर दिसतील, ओमानच्या झेंड्यावरही खंजर आहे, पण विमानाने न्यायचा तर चेक-इन बॅगेत आणि त्याआधी एअरलाइनला विचारून. घासाघीस थोडी चालते, पण हसत, तोंड वाकडं करून नाही. आणि एक रियाल म्हणजे दोनशेहून जास्त रुपये हे भाव करताना डोक्यात असू द्या, आकडा छोटा दिसतो म्हणून खिसा पटकन रिकामा होतो.

प्रश्न : निझवाजवळचा जबल अख्दर डोंगर आमच्या साध्या गाडीने होईल का?

नाही. डोंगराच्या पायथ्याशी बिरकत अल मौझला पोलिसांची चौकी आहे, फोर बाय फोर नसेल तर तिथूनच परत पाठवतात, आणि बरोबरच करतात, उतरताना ब्रेक तापतात. निझवातून ड्रायव्हरसकट गाडी मिळते. एप्रिलमध्ये जात असाल तर पैसे वाचवायचा विचार करू नका, वर दोन हजार मीटरवर गुलाबाचा हंगाम असतो, गावात मातीच्या भट्ट्यांवर गुलाबपाणी काढतात. सकाळी लवकर निघा, फुलं तोडायचं काम ऊन वर यायच्या आत उरकतात.