पहिली बोट-मोटर घेताना

भावा, बारा फुटी बोट, दोन माणसं आणि कोल्हापूरच्या कळंबा तलावासारखं संथ पाणी असलं तर इलेक्ट्रिक मोटर पुरे. (परवानगी आधी काढ, पिण्याच्या पाण्यात पेट्रोल इंजिन नकोच.) ५५ पौंड थ्रस्टची (बोट ढकलायच्या जोराची) मोटर फुल स्पीडला १२ व्होल्टवर साधारण ५० अँपिअर खेचते. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही म्हटलं तर जेमतेम तासभर चालणार. वायर जाड घे, बारीक तापते. बॅटरीजवळ ६० अँपिअरचा ब्रेकर हवाच.

पावसाळ्यानंतर पंचगंगा नदीला ओढ असते, तिथं ५ एचपीचं पेट्रोल आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून अडकवायचं इंजिन) बघ. टू-स्ट्रोक हलकं, पण जुन्यात लिटरमागं साधारण २० मिली ऑइल मिसळायचं, वर धूर. मी म्हणेन फोर-स्ट्रोकच. जड आहे, पण पेट्रोल कमी पितं. फक्त गाडीत आडवं टाकताना मॅन्युअलमध्ये दिलेल्याच कुशीवर ठेव, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.

शाफ्ट (इंजिनचा पाण्यात उतरणारा दांडा) मोजून घे: ट्रान्सम, म्हणजे इंजिन अडकवायची बोटीची मागची फळी, १५ इंच उंच तर शॉर्ट, २० इंच तर लाँग. आखूड पडला की पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं ओरडतं.

जलपर्णीत इंजिन थंड करून मागं पडणारी पाण्याची धार थांबली की लगेच बंद कर, पाणी आत ओढणारी खालची जाळी साफ कर. तरीही धार आली नाही तर बहुधा इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) गेला.