मेगा ड्राइव्हसाठी एचडीएमआय अ‍ॅड-ऑन: क्लॉक बाहेर शोधू नका, तो कन्सोलमध्येच आहे

तुमचा प्रश्न मी असा समजलो: घरी सेगाचा जुना गेम कन्सोल मेगा ड्राइव्ह आहे, मॉडेल १, पाल (५० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीचा). नव्या टीव्हीवर चित्र पुसट आणि थरथरतं येतं. स्वस्तातला एव्ही-टू-एचडीएमआय डबा लावून पाहिला, काही फरक नाही. आता कन्सोलच्या आतच बसेल असा अपस्केलर (जुनं चित्र नव्या टीव्हीच्या आकाराला वाढवणारं सर्किट) स्वतः बनवायचाय, तर रास्पबेरी पाय घ्यावा की एफपीजीए?

एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपण हवं तसं जुळवू शकतो अशी चिप. पण सर्किटच्या पाट्या ऑर्डर करण्याआधी वही-पेन घेऊन बसा, कारण या कन्सोलचं गणित इतकं सुरेख जुळतं की ते न करता पुढे जाणं म्हणजे पायावर धोंडा.

आधी तो डबा का हरतो ते. प्रसारणाचा पाल सिग्नल इंटरलेस्ड असतो, म्हणजे चित्र एकाआड एक लाइनच्या दोन अर्ध्यांत (फील्डमध्ये) येतं, एका फील्डला ३१२.५ लाइन. मेगा ड्राइव्ह पूर्ण ३१३ पाठवतो, त्यामुळे जुन्या ट्यूबवर प्रत्येक फ्रेम त्याच जागी उमटायची. डब्याला हा बारकावा कळत नाही. तो दोन वेगळ्या फ्रेम एकात विणतो, आणि मार लागल्यावर लुकलुकणारा हिरो कंगव्यासारखा चिरलेला दिसतो. शिवाय फ्रेम साठवून मग दाखवायची, म्हणजे ५० हर्ट्झला प्रत्येक साठवलेल्या फ्रेममागे २० मिलिसेकंद गेले. उडी चुकते ती तुमच्यामुळे नाही.

आता गणित. पाल मशीनचा मास्टर क्लॉक, म्हणजे ज्याच्या तालावर सगळ्या चिप चालतात तो मूळ ठोका, ५३.२०३४२४ मेगाहर्ट्झ. एक लाइन म्हणजे या क्लॉकचे ३४२० ठोके. ३२० पिक्सेलच्या मोडमध्ये एक पिक्सेल ८ ठोक्यांचा, २५६ च्या मोडमध्ये १० चा. म्हणून दोन्ही मोडमध्ये चित्राची रुंदी तेवढीच, २५६० ठोके. ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टरसारख्या बाहेरच्या यंत्राला फक्त सिंक (लाइन आणि फ्रेम कुठे सुरू होते याची खूण) मिळतो, त्यावरून पिक्सेल क्लॉक पीएलएलने (ताल जुळवणाऱ्या सर्किटने) नव्याने उभा करावा लागतो. ३४२० ला ८ ने भागलं की ४२७.५ येतात. तो अर्धा उरतो, आणि मग सॅम्पल काउंट आणि फेज (लाइनमागे किती नमुने आणि नेमके कधी घ्यायचे) हाताने जुळवत बसा. (ते यंत्र उत्तम आहे, त्याचं डिझाइन खुलं आहे, जरूर वाचा. पण त्याला सगळ्यांना सांभाळायचंय, तुम्हाला एकालाच.)

तुम्ही मास्टर क्लॉकच निम्म्याने भागून घ्या. लाइनला बरोबर १७१० सॅम्पल, त्यातले १२८० चित्राचे: एका मोडमध्ये पिक्सेलमागे ४, दुसऱ्यात ५. काहीही उरत नाही. आता तीच लाइन दोनदा बाहेर पाठवायची तर आउटपुटचा पिक्सेल क्लॉक किती? ५३.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे मास्टर क्लॉकच! एचडीएमआयमध्ये १४४०×५७६पी नावाचा मोड आहे: ५४ मेगाहर्ट्झ, लाइनला १७२८, फ्रेमला ६२५. तुमच्याकडे १७१० आणि ६२६. दोन्ही बाजूंना ८० काळे पिक्सेल भरा, झालं. फ्रेम मेमरी नको, दोन लाइनचे बफर पुरतात, उशीर एका लाइनचा, ६४ मायक्रोसेकंद.

सुरुवात मात्र ७२०×५७६ ने करा. क्लॉक निम्मा होतो आणि तो मोड टीव्ही सहसा नाकारत नाही. २५६ च्या मोडमध्ये पिक्सेल अडीचपट होऊन जाड-बारीक दिसतील, तेवढं तात्पुरतं सोसा. खरी अडचण वेगळी आहे: तुमची फ्रेम ४९.७ हर्ट्झची, ५० ची नाही. माझ्या घरचा एक टीव्ही ती निमूटपणे दाखवतो, दुसरा काळा पडदा देतो. म्हणून ज्या टीव्हीवर खेळणार त्यावरच चाचणी घ्या. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर घाबरू नका. २२४ लाइन दुप्पट करून ४४८ होतात, ५७६ नाही. पाल मशीनवर त्या पट्ट्या तेव्हाही होत्या.

चित्र कुठून घ्यायचं? निन्टेन्डो ६४ मध्ये डिजिटल पिक्सेल पाटीवर मिळतात, इथे नाहीत. व्हीडीपी, म्हणजे कन्सोलची चित्राची चिप, थेट अ‍ॅनालॉग आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा) देते. ते एन्कोडरच्या (तिन्ही रंग एकाच कंपोझिट सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या चिपच्या) आधी घ्या, मधे व्हिडिओ बफर घाला, मग तीन चॅनेलचा ८ बिट एडीसी (अ‍ॅनालॉगचे आकडे करणारी चिप). मूळ रंग प्रत्येकी ३ बिटांचे, एकूण ५१२. शॅडो-हायलाइट (रंग गडद किंवा उजळ करणारा मोड) धरला तरी चॅनेलला पातळ्या मोजक्याच. त्यामुळे आलेला आकडा जवळच्या पातळीवर बसवला की या कन्सोलच्या चित्रातल्या कुप्रसिद्ध उभ्या पट्ट्या बऱ्याचशा गायब होतात. पिक्सेलच्या कडेचं सॅम्पल घाणेरडं असतं. चारातलं तिसरं घ्या आणि तेच चारदा वापरा. त्यासाठी मोड ओळखावा लागेल. रंग दर ४ सॅम्पलने बदलतोय की ५ ने, हे काही लाइन पाहिल्या की कळतं. गेम मधेच मोड बदलू शकतो, तेव्हा हे दर फ्रेमला तपासा.

कन्सोल ५ व्होल्टचा, एफपीजीए ३.३ चा. मी पहिल्या वेळी क्लॉकची वायर ‘बघू तरी’ म्हणून थेट लावली आणि त्या बाजूच्या पिना कायमच्या गेल्या. ३.३ वर चालवलेला ७४एलव्हीसी२४५ बफर मधे घाला, काही रुपयांचं काम आहे. वीजही कन्सोलच्या ७८०५ रेग्युलेटरकडून (५ व्होल्ट देणाऱ्या चिपकडून) मागू नका, ते बिचारे आधीच तापलेले असतात. आणखी एक: टीव्ही चालू, कन्सोल बंद असेल तर एचडीएमआयच्या डेटा तारांतून उलटी वीज पाटीत शिरते. अर्धवट जागी झालेली चिप काय करेल सांगता येत नाही, रिसेट सर्किट नीट करा.

आवाज सध्या वेगळ्या तारेने स्पीकरला द्या. तो एचडीएमआयमध्ये घालणं हे स्वतंत्र दुखणं आहे.

‘सॉनिक २’ चा दोन खेळाडूंचा मोड खरोखर इंटरलेस्ड आहे. तिथे ‘फ्रेमला ३१३’ हे गृहीतक मोडतं, तेव्हा लाइन मोजत राहा. आणि पहिल्या ‘सॉनिक’मधला धबधबा उभ्या रेघांचा दिसला तर सर्किट उचकटू नका. तो तसाच काढलेला आहे, कंपोझिटच्या पुसटपणात पारदर्शक वाटायचा. मला तो रेघांचा अजूनही बघवत नाही, म्हणून मी शेजारचे पिक्सेल मिसळणारं एक बटण ठेवलंय.

कुणीतरी विचारेलच म्हणून: आपल्या लहानपणीच्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमला, म्हणजे फॅमिकॉमच्या क्लोनला, यातलं काही लागू नाही. त्याची चित्राची चिप कंपोझिटच बाहेर टाकते, आरजीबी घ्यायला जागाच नाही.

या आठवड्यात फक्त एवढंच करा: मास्टर क्लॉक बफरमधून बाहेर काढा, एफपीजीएमध्ये दोन सिंकच्या मधले ठोके मोजा. ३४२० आले तर पुढचं बोलू. ३४१९ आणि ३४२१ असं नाचत असेल तर आधी ग्राउंडची वायर आखूड करा.