नागचं घोडं पोखरणच्या उन्हात अडलं होतं

तुमचे दोन प्रश्न आहेत: पहिली चाचणी १९९० ला झालेल्या 'नाग' या रणगाडाभेदी क्षेपणास्त्राच्या खरेदीचा करार २०२५ ला कसा, आणि नगरला मध्यंतरी डागलं ते नागच होतं का. पहिल्याचं उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

१९८३ च्या एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रमातली पाच भावंडं म्हणजे पृथ्वी, अग्नी, आकाश, त्रिशूळ आणि नाग. आकाराने नाग सगळ्यांत लहान, जेमतेम ४२ किलोचं, पण मागणं मोठं होतं. तेव्हा आपल्याकडे 'मिलान' हे रणगाडाभेदी क्षेपणास्त्र होतं. त्याच्यामागे तार सुटत जाते आणि क्षेपणास्त्र रणगाड्यावर आदळेपर्यंत जवानाला नेम हलू द्यायचा नसतो. दोन किलोमीटरसाठी बारा-तेरा सेकंद. समोरून मशीनगन चालू असताना बारा सेकंद म्हणजे किती, ते मोजून बघा! नागमध्ये हे काम क्षेपणास्त्रानेच करायचं होतं. डागण्याआधी लक्ष्याचं उष्णताचित्र पकडायचं, मग सुटल्यावर ते स्वतःच पाठलाग करणार, डागणारा जागा बदलायला मोकळा.

खरी मेख त्या उष्णता बघणाऱ्या डोळ्यात, म्हणजे सीकरमध्ये. नगरच्या रणगाडा संग्रहालयात एप्रिलच्या भर दुपारी एखाद्या रणगाड्याच्या पोलादाला हात लावा, चटका बसेल. मग शेजारच्या मातीवर अनवाणी पाय ठेवा, तिथेही तसाच चटका. (मी दोन्ही केलंय. बायको सावलीत उभी राहून हसत होती.) आता तीन-चार किलोमीटरवरून फक्त तापमानाच्या फरकावर जगणाऱ्या सीकरला यात रणगाडा कुठला आणि वाळू कुठली हे कसं कळणार? रात्री गरम इंजिन अंधारात दिव्यासारखं उठून दिसतं. दुपारी सगळं एकाच रंगाचं होतं. २०१३ च्या राजस्थानातल्या उन्हाळी चाचण्यांत हेच झालं: अट चार किलोमीटरची, आणि सीकरची नजर त्याच्या बरीच अलीकडे संपायची. मग जास्त बारीक फरक टिपणारा सीकर आला. जुलै २०१९ मध्ये पोखरणला उन्हाळी चाचण्या पार पडल्या, ऑक्टोबर २०२० मध्ये खऱ्या स्फोटकाग्रासह (म्हणजे क्षेपणास्त्रातल्या स्फोटक भागासह) शेवटची.

त्यामुळे नाग बनवणाऱ्या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेबद्दल लोक म्हणतात ते 'डीआरडीओ म्हणजे भिजत घोंगडं' मला अर्धंच पटतं. अट कठीण होती, पण आपल्याला लढायचंही त्याच वाळवंटात आहे. मात्र नाग वाहून नेणाऱ्या आणि डागणाऱ्या गाडीच्या, म्हणजे 'नामिका'च्या बदलांत जी वर्षं गेली, त्यांचं समर्थन मी करणार नाही. बीएमपी-२ या चिलखती गाडीच्या सांगाड्यावरची ही गाडी बारा क्षेपणास्त्रं नेते, त्यातली सहा डागायला तयार. हे काम सीकरच्या कामाबरोबरच चालू ठेवता आलं असतं, असं माझं मत.

मारा कसा? रणगाड्याचं जाड चिलखत समोर असतं, डोक्यावरचं पातळ. नाग वर चढून डोक्यावर उतरतं. स्फोटकाग्र सुमारे ८ किलोचं, दुहेरी: पहिला स्फोट चिलखत वाचवायला बाहेरून लावलेल्या स्फोटक विटा उडवतो, दुसरा आतलं पोलाद भेदतो. पल्ला ५०० मीटर ते ४ किलोमीटर. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आर्मर्ड व्हेइकल निगमशी नागसाठी सुमारे १८०१ कोटींचा करार केला.

आता नगर. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या के. के. रेंज या लष्करी सराव मैदानावर डागलं ते नाग नव्हतं. ते अर्जुन रणगाड्याच्या १२० मिमी तोफेतून निघालेलं लेझर-मार्गदर्शित क्षेपणास्त्र, तीन किलोमीटरवरच्या लक्ष्यासाठी. ते पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचं, एचईएमआरएल आणि देहरादूनच्या आयआरडीई या डीआरडीओच्याच प्रयोगशाळांसोबत केलेलं. त्याला लक्ष्य गाठेपर्यंत लेझरचा ठिपका लागतो, म्हणजे 'डागा आणि विसरा' या गटात ते बसत नाही. शिवाय सप्टेंबर २०१८ मध्ये नगरलाच खांद्यावरून नेता येणाऱ्या एमपीएटीजीएम या क्षेपणास्त्राची चाचणी झाली होती. बातम्यांत तिन्हींना सरसकट 'रणगाडाभेदी' म्हणतात, तिथूनच तुमचा गोंधळ झाला असणार.