'नॉर्मल रेंज'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. आईच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टात वीस आकडे होते, त्यांतला एक ठळक छापलेला. शेजारच्या रकान्यात 'नॉर्मल रेंज'. आईला सांगताना ताईंनी 'सामान्य मर्यादा' म्हटलं, तशी आई म्हणाली, "म्हणजे माझं मर्यादेबाहेर गेलं!" आणि रात्रभर जागी राहिली. याहून बरा मराठी शब्द आहे का?

ताई, तुमच्या आईंचं काही चुकलं नाही. शब्द जे बोलला तेच त्यांनी ऐकलं. मराठीत मर्यादा ही नुसती हद्द नसते. ती पाळायची, राखायची, सांभाळायची असते आणि ओलांडली की दोष लागतो. नौपाड्यात आमच्या शेजारच्या काकूही असाच कागद घेऊन आल्या होत्या आणि पथ्य मोडल्यासारख्या अपराधी चेहऱ्यानं बसल्या होत्या. आकड्यासाठी हा शब्द मला मुळीच नको वाटतो.

'सर्वसाधारण' हा तर सरळ फसवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे आपल्याकडे कमी हिमोग्लोबिन हेच सर्वसाधारण झालं. त्याला निरोगी कोण म्हणेल?

'नॉर्मल'चं मूळ बघण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं साधन. म्हणून तर भूमितीत नॉर्मल म्हणजे लंब. गुण्याला लागलेलं ते बरोबर, यावरून 'नियमाला धरून असलेलं' हा अर्थ आला आणि पुढे वैद्यकानं तोच शब्द निरोगी शरीरासाठी घेतला. संख्याशास्त्रानं घंटेच्या आकाराच्या वक्रालाही (आकडे मध्याशी दाट, दोन्ही टोकांना सारखेच विरळ) तेच नाव दिलं. मराठी पुस्तकांत त्याला 'प्रसामान्य' म्हणतात. तो शब्द त्या वक्रापुरताच राहू द्यावा. धडधाकट माणसांच्या रक्तातल्या ट्रायग्लिसराइड या चरबीचे आकडे मांडले तर घंटा होत नाही, उजवीकडे लांब शेपूट निघते. तेवढ्यावरून ती माणसं आजारी ठरत नाहीत.

आता रिपोर्टातला तो रकाना. तो गुण्यासारखा कुणी आखून दिलेला नाही, माणसं मोजून काढलेला आहे. निरोगी माणसं निवडायची (किमान १२० असावीत अशी शिफारस आहे), त्यांचे आकडे चढत्या क्रमानं लावायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के धरायचे. म्हणजे मोजलेल्या निरोगी माणसांतच वीसात एक जण त्याबाहेर असतो, आणि तोही निरोगीच. तुमच्या आईंच्या कागदावर तर वीस तपासण्या. त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर सगळेच्या सगळे आकडे आत येणारी निरोगी माणसं शंभरात जेमतेम ३६. बाकी ६४ जणांच्या कागदावर एखादा तरी आकडा ठळक होणारच. हे 'मर्यादा' या शब्दात कुठे दिसतं?

नावातली ही अडचण शास्त्रज्ञांनाही जाणवली होती. १९६९ मध्ये फिनलंडच्या ग्रासबेक आणि सारिस यांनी 'नॉर्मल मूल्यं' ऐवजी 'संदर्भ मूल्यं' म्हणावं असं सुचवलं. बऱ्याच लॅबच्या कागदांवर आता 'रेफरन्स' हाच शब्द असतो. बोलण्यातून मात्र 'नॉर्मल' हटला नाही, आणि 'रिपोर्ट नॉर्मल आला' हे आता चोख मराठी आहे. त्याला माझी हरकत नाही.

लिहिताना 'संदर्भ पल्ला' म्हणावं. पल्ला आपला जुना, घरचा शब्द: तोफेचा पल्ला, आवाजाचा पल्ला. कुठून कुठपर्यंत, एवढंच तो सांगतो, बोट दाखवत नाही. घरात बोलताना मला 'निरोग्यांचा पल्ला' अधिक आवडतो, कारण त्या षष्ठीत खरी गोष्ट येते: हा पल्ला कुणा माणसांचा आहे. मग 'कुणाचा?' हा प्रश्नही आपोआप निघतो. पुरुषांचा की बायकांचा, कुठल्या वयाचा, कुठल्या पद्धतीनं मोजलेला? दोन लॅबचे पल्ले जुळत नाहीत ते यामुळेच.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाची शंका घेतात, आणि बहुधा पुन्हा तपासून खात्री करतात. हा आकडा मधल्या ९५ टक्क्यांतून आलेला नाही. एवढ्या साखरेपासून डोळ्यांच्या पडद्याचे विकार वाढलेले दिसतात, अशा अभ्यासांवरून तो ठरला. कोलेस्टेरॉलचा २०० हाही धोका पाहून ठरवलेलाच. यांना पल्ला म्हणू नये; 'निदानाचा उंबरठा', 'धोक्याचा उंबरठा' म्हणावं. उंबरठा ओलांडला की आपण दुसऱ्या खोलीत असतो, आणि तिथे डॉक्टरांकडे जायलाच हवं.

तेव्हा आईंच्या रिपोर्टातला तो ठळक आकडा कुठल्या जातीचा, हे आधी डॉक्टरांना विचारा. पल्ल्याच्या जरासा बाहेर असेल, तर आईंना एवढंच सांगा: "शंभरातल्या पंचाण्णव निरोगी माणसांचा आकडा या दोन आकड्यांच्या मध्ये येतो, पाच जणांचा येत नाही. तुझा का आला नाही, ते डॉक्टर बघतील."