हेलकॅट झाकून ठेवण्याआधी

प्रिय दोस्ता,

साठवलेल्या पैशांतून डॉजची चॅलेंजर हेलकॅट ही व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची अमेरिकन गाडी घ्यायची, वीस वर्षं झाकून ठेवायची आणि मग विकायची, हा तुझा बेत वाचला. गाडी घे, पण या हिशेबाने नको. आणि हेलकॅट तर नकोच.

१९७१ ची प्लायमाउथची हेमी कुडा कन्व्हर्टिबल (हेमी हे क्रायस्लरचं व्ही-८ इंजिन, आणि कन्व्हर्टिबल म्हणजे छत उघडणारी गाडी) २०१४ च्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली, हे तू लिहिलंस ते खरं. पण तशा गाड्या बनल्याच होत्या जेमतेम ११. शिवाय त्या काळात मसल कार, म्हणजे अशा मोठ्या इंजिनाच्या दणकट गाड्या, जपतंय कोण? विम्याचे हप्ते भडकले, १९७३ च्या तेलसंकटात पंपांवर रांगा लागल्या आणि या गाड्या कवडीमोलाने विकल्या जाऊ लागल्या. पोरांनी त्या शर्यतीत ठोकल्या. ज्या वाचल्या, त्यांतल्या बऱ्याच मिशिगनसारख्या ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खाल्ल्या. आजची गत उलटी आहे. चॅलेंजरच्याच मर्यादित संख्येच्या २०१८ च्या डीमन ३,३०० निघाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी विकत घेतल्यापासून गॅरेजबाहेर पडलेल्या नाहीत. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ कशी व्हायची? हेलकॅटला तर तेवढीही मर्यादा नव्हती.

‘शेवटची व्ही-८’ या शब्दांना भुलू नकोस. कॅडिलॅकने १९७६ ची एल्डोराडो अमेरिकेतली शेवटची कन्व्हर्टिबल म्हणून खपवली. लोकांनी घेऊन साठवल्या. १९८४ मध्ये कॅडिलॅकनेच पुन्हा कन्व्हर्टिबल काढली, तेव्हा काही मालक चिडून कोर्टात गेले. (मला त्यांची कीव येत नाही.) डॉजनेही २०२३ मध्ये ‘लास्ट कॉल’ म्हणत चॅलेंजर बंद केली, आणि २०२५ मध्ये हेमी इंजिन रॅम पिकअपमध्ये परत आलं.

तरी काही गाड्या वर जातातच. १९८७ ची ब्यूक जीएनएक्स बघ: ५४७ गाड्या, टर्बो, आणि इंजिन चक्क व्ही-६! आज चांगली जीएनएक्स लाख डॉलरच्या वर जाते. तसं यांत्रिक वेगळेपण हवं असेल तर मी फोर्ड मस्टँगच्या शेल्बी जीटी३५० कडे बघेन. ५.२ लिटरचं फ्लॅट-प्लेन क्रँकचं (शर्यतीच्या गाड्यांत असतो तशा दांड्याचं) इंजिन, मिनिटाला ८,२५० फेऱ्यांपर्यंत फिरणारं, ५२६ अश्वशक्ती, आणि फक्त मॅन्युअल गिअरबॉक्स. हे इंजिन तिच्याशिवाय फोर्डने फक्त तिच्याच जीटी३५०आर या प्रकाराला दिलं, आणि २०२० नंतर दोन्ही बंद. ती किती वाढेल याचा आकडा मात्र माझ्याकडून मागू नकोस.

आणखी एक. जुना कार्ब्युरेटर आजही गल्लीतला चांगला मेकॅनिक खोलून लावतो. आजच्या गाडीत एखादं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेलं, स्क्रीन काळी पडली आणि कंपनीने तो भाग बनवणं थांबवलेलं असलं, तर लिलावातला भाव घसरलाच म्हणून समज. उभ्या गाडीचेही टायर कडक होतात, पेट्रोल खराब होतं, विमा भरावाच लागतो. हे सगळं तुझ्या वीस वर्षांच्या नफ्यातून वजा कर.

जीटी३५० बघायला गेलास तर मालकाला आधीच सांग, इंजिन थंडच ठेव म्हणून. सुरू करताना आवाज नीट ऐक, एग्झॉस्टमधून निळा धूर येतो का बघ. ही इंजिनं तेल पितात, म्हणून सर्व्हिसच्या पावत्या मागून घे. नुसतं ‘सगळं केलंय’ म्हणाला, तर सरळ घरी ये.

तुझा,
काका