जुनी ओम्नी की ईको?

मारुतीची जुनी ओम्नी व्हॅन घ्यावी की ईको व्हॅन, असे तुम्ही विचारले आहे. ओम्नीवरचा तुमचा जीव मला समजतो, परंतु लहान मुलांना घेऊन घाटातून नेहमी ये-जा करायची असेल, तर ईकोच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ओम्नीचे 796 सीसीचे इंजिन भरल्या गाडीला चढावर दमते आणि समोरून धडक बसली, तर चालकाच्या पायांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही नसते; ईकोला मात्र 1.2 लिटरचे इंजिन आणि पुढे आखूड का होईना, बॉनेट आहे. तरीही ओम्नीच घ्यायची ठरली, तर पायाखालचे मॅटिंग उचलून पत्रा आणि सरकत्या दरवाजाची खालची पट्टी अंगठ्याने दाबून पाहा, कारण गंज तिथेच लपतो. गाडीला 15 वर्षे उलटली असल्यास नोंदणीचे नूतनीकरण झाल्याची खात्री आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) केल्याशिवाय विसार देऊ नका.